ती चूक नव्हे, जुने स्पेलिंग

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 1828 सालच्या एका इंग्रजी पत्राचे छायाचित्र आपण छापले. खाली ओळ होती, ‘साहेबालाही स्पेलिंग येत नव्हते!’ का, तर पत्र लिहिणाऱ्याने ‘शो’, म्हणजे दाखवणे, हा शब्द एस-एच-ई-डब्ल्यू असा लिहिला, ‘ओ’ऐवजी ‘ई’. साहेबाची वकिली करण्याची मला हौस नाही, पण इथे साहेब बरोबर होता.

हीच चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून लिहितो. मी एकतीस वर्षे मुद्रितशोधक होतो. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका पुस्तकाच्या प्रुफात बर्नार्ड शॉचा उतारा आला. त्यात तीन ठिकाणी हा ‘ई’. मी लाल शाईने तिन्हींचे ‘ओ’ केले. ‘डोन्ट’मधला अपॉस्ट्रॉफी गाळलेला दिसला, तोही घातला. संध्याकाळी आमच्या वरिष्ठांनी बोलावून प्रुफ पुढे सरकवले आणि विचारले, “शॉला इंग्रजी शिकवलंत?” शॉ मुद्दामच तसे लिहीत असे. मजा अशी, की इंग्रजी स्पेलिंगच्या नावाने आयुष्यभर बोटे मोडणारा, नव्या लिपीसाठी मृत्युपत्रात तरतूद करणारा माणूस हाच, आणि या एका शब्दात मात्र जुन्या वळणाला चिकटलेला!

त्या दिवसापासून या शब्दाचा नाद लागला. 1611च्या इंग्रजी बायबलात जागोजागी हा ‘ई’ आहे. मंदिरात देवापुढे मांडायच्या भाकरींना त्यात ‘शोब्रेड’ म्हटले आहे, तिथेही ‘ई’च. ब्रिटिश पार्लमेंटला करायच्या अर्जांच्या जुन्या मायन्यात ‘शोएथ’ येते, म्हणजे ‘अर्जदार असे दाखवून देतो की’. तेही ‘ई’चेच.

हा ‘ई’ आला कुठून? एके काळी या शब्दाचे दोन उच्चार होते, ‘शो’ आणि ‘शू’. मिल्टनने वयाच्या तेविशीबद्दल लिहिलेल्या सुनीतात या शब्दाच्या रूपाचे यमक ‘यूथ’ आणि ‘ट्रूथ’शी जुळवले आहे. आजच्या उच्चाराने वाचले तर ती ओळ लंगडते. पुढे ‘शू’ मागे पडला आणि ‘ई’ नुसताच कागदावर राहिला. 1755च्या कोशात सॅम्युअल जॉन्सनने नोंद करून ठेवली आहे, की पुष्कळ लोक ‘ई’ लिहितात, पण उच्चार नेहमी ‘शो’ असाच होतो, म्हणून मी स्पेलिंग उच्चाराला जुळवून घेतले. तरीही ‘ई’ लिहिणारे पुढची कित्येक दशके होतेच. आपले पत्र त्यांतलेच.

शिवणे या अर्थाच्या ‘सो’चे नशीब पाहा. त्याचा उच्चारही ‘ओ’चाच, पण स्पेलिंगमधला ‘ई’ आजतागायत टिकला, आणि त्याला कोणी हसत नाही. आणखी एक. या ‘शो’चा सर्वांत जुना अर्थ दाखवणे नव्हे, पाहणे असा होता. जर्मनमधले त्याचे भावंड ‘शाउएन’ अजूनही पाहण्यालाच वापरतात. इंग्रजांनी पाहण्याचे दाखवणे करून टाकले!

आपल्याकडे 1962च्या नियमांनी ‘नाहीं’, ‘घरांत’ यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. माझ्या वडिलांच्या पत्रांत ते सगळे आहेत. ती पत्रे उद्या कोणी छापली आणि खाली ‘यांना शुद्धलेखन येत नव्हते’ असे लिहिले, तर मला राग येईल. त्या काळी तेच शुद्ध होते.

तेव्हा येत्या रविवारी चार ओळींची दुरुस्ती छापावी, ही विनंती. मात्र मूळ शब्द पुन्हा छापताना प्रूफ वाचणाऱ्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो सवयीने त्याचा ‘ओ’ करील.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक