भाकड कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल आपल्या क्रीडापानावर बर्फावरच्या हॉकीतील 'भाकड गायीं'वरचा लेख वाचला. रात्रभर डोक्यात घोळत राहिला, म्हणून सकाळी उठून चहाच्या आधी हे पत्र लिहायला बसलो आहे. माझी सकाळ होते तेव्हा तुमच्याकडे संध्याकाळ असते, त्यामुळे ते उद्याच्या अंकातही येणार नाही याची कल्पना आहे.

लेखकाने मेहनत घेतली आहे. करारांचे आकडे बरोबर आहेत. (छायाचित्र मात्र हिरव्या टर्फवरच्या हॉकीचे! लेखात अठरा वेळा 'बर्फ' आणि चित्रातला खेळाडू बूट घालून गवतावर. क्रीडा विभागात कोणी चित्र पाहून लावते की हाताला येईल ते?) दहा-दहा, चौदा-चौदा वर्षांचे करार करायचे, तिशी ओलांडली की गुडघा, घोटा, कंबर काही तरी निकामी व्हायचे आणि मग घरी बसून पगार खायचा, हा लेखाचा सूर. तोही चालला असता. गेली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे मॉन्ट्रियलच्या चहाच्या टेबलांवर मी हेच ऐकतो आहे.

पण शेवटच्या परिच्छेदात त्यांनी बॉस्टनच्या जुन्या, थोर हॉकीपटूला, बॉबी ऑरला आणले, आणि तिथे माझे डोके फिरले. ऑरने १९७६ साली शिकागोच्या संघाशी पाच वर्षांचा, तीस लाख डॉलरांचा करार केला, गुडघ्याने दगा दिला, खेळता येईना म्हणून त्याने शिकागोच्या पगाराचे चेक वटवलेच नाहीत. 'कुठे तो निःस्पृह ऑर आणि कुठे हे आयतोबा!' असा उद्गार काढून लेख संपतो. हा किस्सा इथे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. त्याचा उरलेला अर्धा भाग मात्र कोणी छापत नाही. मला तो कसा कळला ते सांगतो. थोडे लांबेल.

जानेवारी १९९८. इथे पाच-सहा दिवस पाऊस पडला आणि जिथे पडला तिथे गोठला. झाडे, तारा, विजेचे मनोरे सगळे बर्फाच्या ओझ्याने मोडून पडले. दहा लाखांहून जास्त घरांची वीज गेली, लष्कर रस्त्यावर आले. मी कॅनडात येऊन जेमतेम चार महिने झाले होते. मिरजेत अकरा वर्षे हिशेब लिहिलेला माणूस, इथे त्या अनुभवाची किंमत शून्य, म्हणून एका गोदामात मजूर पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत खोकी उचलत होतो. वादळाच्या दुसऱ्या दिवशी ट्रकला माल चढवण्याच्या उतारावर पाय घसरला आणि उजव्या गुडघ्यातली कूर्चा फाटली. तिथे पडल्या पडल्या मुकादम पहिल्यांदा काय म्हणाला असेल? 'खोके फुटले का?'

एजन्सीला फोन केला. बाई अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, 'तुमचा करार आठवड्याचा आहे, आणि आठवडा शुक्रवारी संपतो.' भरपाईचा अर्ज केला तर उत्तर आले की उतार गोदामाच्या हद्दीत मोडत नाही. मग तो कोणाच्या हद्दीत मोडतो, हे मी पुढची दोन वर्षे विचारत राहिलो. अजून कळलेले नाही. त्या गुडघ्याचे मला एक डॉलरही मिळाले नाहीत, हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे माझे बोलणे मत्सरातून येते आहे की नाही ते वाचकांना ठरवता येईल.

आमचे बिऱ्हाड वरच्या मजल्यावर. मॉन्ट्रियलमध्ये जुन्या घरांचे जिने बाहेरून असतात, लोखंडी आणि वळणाचे. त्यावर बोटभर जाडीचा बर्फ. मोडक्या गुडघ्याने मी चढणार कसा? खालच्या मजल्यावरचे म्हातारबुवा, जन्मभर मांसाच्या कारखान्यात काम केलेले, त्यांनी मला आत ओढले. त्यांच्याकडे लाकडाची शेगडी होती. मग बायको आणि दोन वर्षांची लेकही खालीच आली. नऊ दिवस आम्ही चौघे त्या एका खोलीत. शेगडीवर खिचडी. त्यांनी ती मेपलचा पाक घालून खाल्ली, त्याला आमचा इलाज नव्हता.

वीज नव्हती, पण सेलवर चालणारा रेडिओ होता. त्याच आठवड्यात बातमी आली की अ‍ॅलन ईगलसनने बॉस्टनच्या कोर्टात फसवणुकीचे गुन्हे कबूल केले. म्हातारबुवा उठून उभे राहिले आणि त्यांनी रेडिओला शिव्या घातल्या. (इथल्या फ्रेंच माणसाच्या शिव्या आई-बहिणीवरून येत नाहीत, चर्चमधल्या भांड्याकुंड्यांवरून येतात. मला वाटले, प्रार्थना चालली आहे.) मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी मला सगळे समजावले. ईगलसन हा ऑरचा एजंट. वर खेळाडूंच्या संघटनेचा जवळजवळ पंचवीस वर्षे सर्वेसर्वा. वर संघमालकांचा जिवलग मित्र. एकाच माणसाच्या डोक्यावर तीन टोप्या. ऑर बॉस्टन सोडून शिकागोला गेला तेव्हा बॉस्टनने त्याला संघातली साडेअठरा टक्के मालकी देऊ केली होती, आणि ऑरचे म्हणणे असे की हे त्याला कोणी सांगितलेच नाही. डाव्या गुडघ्यावर डझनभर शस्त्रक्रिया, शिकागोकडून उणेपुरे सव्वीस सामने, तिसाव्या वर्षी निवृत्ती. आणि निवृत्तीनंतर हिशेब मांडला तेव्हा देणी मालमत्तेपेक्षा जास्त निघाली! ईगलसनला नंतर टोरोंटोच्या कोर्टात अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

हा तुमचा आदर्श. पगाराचे चेक न वटवणारा ऑर थोरच होता, पण ज्या माणसाचे पैसे दुसऱ्यानेच हाताळले त्याला आजच्या पोरांपुढे 'असे वागा' म्हणून उभे करायचे? आजच्या पोरांचे एजंट आणि वकील प्रत्येक ओळ वाचून घेतात, जखमी झालो तरी पगार चालू राहील असे लिहून घेतात, ते ऑरचेच उदाहरण पाहून. त्यांना आयतोबा म्हणणे म्हणजे उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आता लेखकाच्या मुख्य आरोपीकडे येतो, शे वेबर. लेखात '११ कोटी डॉलर, १४ वर्षे' एवढेच आहे. मी निवृत्त हिशेबनीस (होय, पुढे इथल्या परीक्षा देऊन पुन्हा हिशेबच लिहिले), मला बेरीज पूर्ण लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. २०१२च्या जुलैत फिलाडेल्फियाने हा करार वेबरपुढे ठेवला, तो तेव्हा नॅशविलचा. वेबर हातचा जाऊ नये म्हणून नॅशविलला तो जसाच्या तसा मान्य करावा लागला. पहिली चार वर्षे दरसाल १ कोटी ४० लाख, पुढची दोन वर्षे १ कोटी २० लाख, मग चार वर्षे ६० लाख, मग ३० लाख, आणि शेवटची तीन वर्षे फक्त १० लाख. करा बेरीज, ११ कोटीच होते. शेवटच्या वर्षांत पगार असा आटवला कशासाठी? एनएचएल या इथल्या हॉकी लीगमध्ये प्रत्येक संघाला पगारमर्यादा आहे, आणि तिच्यात खेळाडू धरला जातो तो त्या वर्षीच्या खऱ्या पगाराने नव्हे, सबंध कराराच्या सरासरीने. म्हणजे वेबर दरसाल साधारण ७८ लाख ५७ हजारांना. शेपूट जितके लांब आणि स्वस्त तितकी सरासरी खाली. तो वयाच्या चाळिशीपर्यंत खेळेल असे सही करणाऱ्यांना वाटले असेल का? ते चार वर्षांचे शेपूट म्हणजे शुद्ध हिशेबी क्लृप्ती होती, आणि ती काढली संघांनी. २०१०मध्ये न्यू जर्सीने कोव्हालचुकला सतरा वर्षांचा करार दिला, तो चव्वेचाळिशीपर्यंतचा! लीगने तो फेटाळला, तरी पंधरा वर्षांचा दिलाच, मग लीगने दंडही ठोकला. शेवटी २०१३पासून आठ वर्षांची मर्यादा घालावी लागली.

वेबर २०१६ला आमच्या मॉन्ट्रियल संघाकडे आला. २०२१मध्ये घोटा, पाय, गुडघा, अंगठा सगळे मोडलेले घेऊन तो अंतिम फेरीपर्यंत खेळला. टम्पाकडून हरलो. त्यानंतर तो बर्फावर उतरलाच नाही. लेखात नसलेली गंमत पुढे आहे. खेळाडू घरी, पण त्याच्या कराराचा कागद गावोगाव फिरत राहिला! मॉन्ट्रियलहून व्हेगास, व्हेगासहून अ‍ॅरिझोना, तिथला संघ उठून सॉल्ट लेक सिटीला गेला म्हणून युटा, आणि २०२५मध्ये शिकागो. मोडका खेळाडू कोणी का घेतो? कारण पगाराला जशी कमाल मर्यादा तशी किमान अटही आहे. खर्च करायची इच्छा नसलेल्या संघाला ७८ लाखांचा आकडा वहीत दाखवता येतो आणि खिशातून जातात १० लाख. अ‍ॅरिझोनाने तर याचा धंदाच मांडला होता. प्रॉन्गर, डॅटसुक, होसा, सगळ्यांचे कागद त्यांच्याकडे. प्रॉन्गर तर २०१५ला हॉल ऑफ फेममध्ये गेला तेव्हा कागदोपत्री अ‍ॅरिझोनाचा चालू खेळाडू होता. आणि शिकागोकडून खेळणाऱ्या होसाला खेळाच्या पोशाखाने त्वचेचा असा विकार झाला की खेळणेच थांबले, ते नेमके पगार १० लाखांवर उतरला त्या वर्षी. तो आजार खोटा होता असे मी म्हणत नाही. पण शिकागोच्या मालकांच्या डोळ्यांत फार पाणी आले नसेल, एवढेच.

टोरोंटोचे तर विचारूच नका. (मॉन्ट्रियलकरांना कोणी विचारत नाही, आम्ही आपणहून सांगतो.) कोलंबसचा नेथन हॉर्टन, पाठीच्या मणक्याची झीज, कराराचा विमा नाही, म्हणजे सगळा पगार मालकाच्या खिशातून. टोरोंटोने तो २०१५मध्ये हौसेने घेतला, का तर डेव्हिड क्लार्कसनचा सात वर्षांचा करार गळ्यातून सुटावा म्हणून. धडधाकट खेळाडू देऊन उभे राहता न येणारा घेतला आणि फायदा झाला! आमच्याकडे बाजारात भाकड गाय नेली तर निदान ती पाहून तरी घेतात.

राहिला आमचा गोलरक्षक केरी प्राइस. त्याच्याबद्दल लेखकाने जे दोन विनोद केले आहेत ते मी वाचले नाहीत असे समजतो. शेगडीजवळ झोपलेली ती लेक पुढे त्याचा ३१ नंबरचा जर्सी घालून वाढली. ८ कोटी ४० लाखांचा, आठ वर्षांचा करार त्याने २०१७मध्ये केला, तेव्हा तो तिशीला टेकला होता. २०२१च्या उन्हाळ्यात गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. २९ एप्रिल २०२२ला, हंगामातल्या शेवटच्या सामन्यात तो गोलपोस्टमध्ये उभा राहिला, फ्लोरिडाला आम्ही १०-२ हरवले. लेकीने दोन तिकिटे काढली होती, मी एवढ्या पैशांत तिकीट काढायचे नाही असा नियम मोडून गेलो. तो खाली बसला की पुन्हा उठताना अर्धा क्षण जास्त लागायचा. सगळ्या प्रेक्षागृहात ते माझ्याइतके कोणाला कळले नसेल, कारण जिना चढताना तो अर्धा क्षण मलाही लागतो. तो पुन्हा खेळला नाही. २०२५च्या सप्टेंबरात त्याचाही कागद सॅन होजेला गेला, कराराच्या त्या वर्षातली मोठी रक्कम मॉन्ट्रियलने चुकती केल्यानंतर. हिशेबनीस म्हणून त्या व्यवहाराला मी दाद दिली. लेक दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

इतकी वर्षे दूध काढणारे कोण आणि भाकड कोण, हे आपल्या लेखकाने पुढच्या लेखात लिहावे. छायाचित्र मात्र बर्फाचे लावावे.

कळावे,
आपला,
एक जुना वर्गणीदार,
मॉन्ट्रियल, कॅनडा

ता. क. – वर्गणीवरून आठवले. सवलत मिळते म्हणून मी आपल्या ई-अंकाची तीन वर्षांची वर्गणी एकरकमी भरली. त्यानंतर दोनच महिन्यांत रविवारच्या शब्दकोड्याची उत्तरे छापणे बंद झाले. दोनदा कळवले, 'आपली तक्रार नोंदवली आहे' असे उत्तर दोनदा आले. अजून एकवीस महिने बाकी आहेत. गेल्या रविवारचे १७ आडवे तेवढे कळवावे.