इटलीतल्या ऑर्व्हिएतोहून, आई-बाबांना

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न. वि. वि.

हे फोनवर धड बोलून झालं नसतं. आई, तुझा आवाज भरून आला असता, बाबा गप्प झाले असते आणि मी जेवणाखाणाचं काहीतरी विचारून विषय बदलला असता. म्हणून लिहिते आहे. मी इथली कायमची नोकरी घेतली. घराच्या कागदांवर सह्याही झाल्या. पुण्याच्या जागेचं तुमच्या मनात काय होतं ते मला माहीत आहे, आणि ते डावलताना मला फार जड गेलं. पण मी जे शिकले ते काम माझ्या हाताला इथेच लागलंय. पगार बरा आहे, सुट्ट्या भरपूर आहेत, रोमला गाडीने सव्वा तासाच्या आसपास लागतो आणि तिथून विमान. दिल्लीत असते तरी याहून जास्त येणं झालं असतं असं नाही.

बाबा, ‘तो डोंगर खचतोय म्हणे’ असं तुम्ही दादाला म्हणालात. तुमच्यापासून काही लपवत नाही, सगळं सांगते. गाव सपाट माथ्यावर आहे, साधारण दीड किलोमीटर लांब, आणि चहूबाजूंनी कातळकडा. हा कातळ टफचा. बोल्सेना सरोवराच्या बाजूला पूर्वी ज्वालामुखी होते, त्यांची राख सुमारे 3 लाख वर्षांपूर्वी इथे येऊन घट्ट झाली. तिच्याखाली मात्र जुन्या समुद्राची चिकणमाती आहे. तिच्यात पाणी मुरलं की उतार सैल होतो आणि वरचा कडा तडकतो. 1970 च्या दशकात कडे ढासळले तेव्हा लक्षात आलं की गावातल्या जुन्या गटारांचं गळकं पाणीही खाली मुरतंय. मग 1978 आणि 1987 मध्ये सरकारने खास कायदे करून पैसा दिला. गटारं आणि नळ बदलले, कड्यात पोलादी सळया बसवून तो आवळला, खालचे ओढे बांधून काढले. पुढचं काम आमच्यासारख्यांचं. उतारात खोल नळ्या पुरल्या आहेत. त्यांत उपकरण सोडून माती किती मिलिमीटर सरकली, पाणी किती चढलं, ते बघायचं आणि नोंदवायचं. तुम्हाला ज्याची धास्ती वाटते त्यावरच मी रोज नजर ठेवून असते, बाबा. 2016 चा भूकंप पूर्वेच्या डोंगरांत, नॉर्चा आणि अमात्रिचेकडे झाला होता, आमच्या बाजूला नव्हे.

माझं घर काठावर नाही, आतल्या गल्लीत आहे. गावाच्या पोटात हजाराहून जास्त गुहा कोरलेल्या आहेत, म्हणून सही करण्याआधी घराखालची गुहा मी स्वतः उतरून पाहिली. भिंतीत कबुतरांसाठी कोरलेले चौकोनी कोनाडे, ओळीने. हात फिरवला तर ओल कुठेच नव्हती, बोटांना नुसती पिवळसर भुकटी लागली.

आणि ही वस्ती कालची नाही. रोमनांच्या आधी इथे राहणाऱ्या एट्रुस्कन लोकांचं हे मोठं शहर होतं. रोमनांनी ते इ.स.पू. 264 मध्ये उद्ध्वस्त केलं आणि उरलेल्यांना बोल्सेनाकडे हलवलं. पुढच्या शतकांत माणसं परत वर आली. 1290 मध्ये त्यांनी कॅथेड्रल बांधायला घेतलं, काळ्या बसाल्टचे आणि फिक्या ट्रॅव्हर्टिन दगडाचे पट्टे एकाआड एक. बाबा, ते तुम्ही तासभर बघत उभे राहाल, मला खात्री आहे.

आई, तुझ्यासाठी विहीर आहे. 1527 मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा सातवा क्लेमेंट पोप पळून इथे आला, आणि वेढा पडला तर पाणी हवं म्हणून त्याने ती खणायला लावली. 1537 ला पुरी झाली. पन्नास मीटरहून खोल, आणि एकमेकांभोवती फिरणारे दोन जिने, प्रत्येकी 248 पायऱ्यांचे. खेचरं एका जिन्याने उतरायची, दुसऱ्याने पाणी घेऊन वर यायची, समोरासमोर कधी येतच नसत. मी पहिल्यांदा उतरले तेव्हा लिंबची बारा मोटेची विहीर आठवली. मी वाकून बघत होते आणि तू मागून माझा फ्रॉक मुठीत गच्च धरला होतास. अजूनही काठाशी गेले की पाठीला ती मूठ जाणवते.

तुला उतरायचं नाही हं, वरूनच बघायचं. गुडघ्यांची काळजी करू नकोस. स्टेशनासमोरून दोरखंडाची रेल्वे दोन-तीन मिनिटांत वर आणते. ती 1888 ची, तेव्हा पाण्याच्या वजनावर चालायची, आता विजेवर चालते. ती थांबते तिथेच ही विहीर, आणि पुढे लहान बस. इस्पितळ पायथ्याशी, नदीपलीकडे आहे. कुकर आणलाय, तुझी मिसळणाची डबी ओट्यावर आहे. गुरुवारी आणि शनिवारी चौकात बाजार भरतो, डोंगरातला बारीक मसूर मिळतो, आमटी अगदी छान होते. इथला पाव अळणी असतो, बाबांच्या बीपीला बरंच.

आता ऐका. बाबा, गोळी सकाळीच घ्यायची, ‘आज बरं वाटतंय’ म्हणून चुकवायची नाही. गच्चीवरच्या टाकीशी तुम्ही चढायचं नाही, दादाला सांगा. आई, डोळ्यांची तारीख पुढे ढकलू नकोस, मी काकूला सोबत यायला सांगितलंय. दोघांचे पासपोर्ट बाहेर काढून मुदत बघा आणि या आठवड्यात मला फोटो पाठवा. मे महिन्यात या, हवा तेव्हा चांगली असते. आतल्या खोलीत तुमच्यासाठी खाट टाकली आहे. कमोडशेजारी धरायला दांडी बसवून घेतेय. रागावला असाल तर रागवा, पण फोन उचला.

तुमची,
मनू