प्रोजेक्शन टीव्हीच्या अपुऱ्या दुरुस्तीबाबत तक्रार

दि. १६ मे २००६
धरमपेठ, नागपूर

प्रति,
सेवा व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : स्वयं-जुळवणीचे बटण दाबताच रंग विस्कटणे

महोदय,

आमच्या प्रोजेक्शन टीव्हीत लाल, हिरव्या व निळ्या रंगाच्या तीन वेगळ्या ट्यूब आहेत. त्यांची चित्रे पडद्यावर एकावर एक नेमकी बसवणारा कन्व्हर्जन्स बोर्ड आपल्या इंजिनिअरने वॉरंटीत बदलला आणि हाताने तिन्ही रंग जुळवून दिले. ती जुळवणी उत्तम होती. पण रिमोटवरचे स्वयं-जुळवणीचे बटण दाबले की पांढऱ्या अक्षरांना एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने निळी किनार येते. बातम्यांची खालची पट्टी वाचता येत नाही.

जॉब शीटवर 'सेन्सर खराब' असा शेरा आहे. तो मान्य नाही. पडद्याच्या कडेने चौकटीआड बसवलेल्या सेन्सरवर उजेड पोचत नसता, तर जुळवणी अर्ध्यात थांबून चूक झाल्याचा संदेश पडद्यावर आला असता. इथे ती पूर्ण होते आणि दरवेळी तेवढीच, त्याच बाजूला चुकते. म्हणजे सेन्सर वाचतो आहे. ज्या नोंदीशी तो ताडून पाहतो ती नोंद जुनी आहे. हाताने जुळवल्यावर सर्व्हिस मेनूतून (दुरुस्ती करणाऱ्यांसाठीच्या छुप्या मेनूतून) सेन्सरची नोंद नव्याने घ्यावी लागते. इंजिनिअरने जुळवणी सेव्ह केली आणि ही पायरी सोडली.

'बटण वापरूच नका' हा आपल्याकडून मिळालेला सल्ला तर अजिबात पटत नाही. नागपुरात उन्हाळ्यात खिडकीला कूलर लागला की खोलीची मांडणी बदलते, टीव्हीचे तोंड फिरते. तोंड फिरले की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ट्यूबमधले किरण किंचित सरकतात. बटण दिले आहे ते यासाठीच.

तरी जाणकार इंजिनिअर पाठवावा. सेट किमान अर्धा तास चालू राहून तापल्यावरच काम सुरू करावे. थंड सेटवरची जुळवणी टिकत नाही. खोलीत अंधार हवा. आधी तिन्ही ट्यूबचा फोकस, मग पडद्यावरची हिरव्या रेषांची चाचणी-जाळी सरळ, तिच्यावर लाल, शेवटी निळी. सेव्ह केल्यावर लगेच सेन्सरची नोंद. नंतर सेट बंद-चालू करून, बटण दाबून, चारही कोपऱ्यांसह जाळी आमच्यासमोर तपासावी आणि तसे जॉब शीटवर लिहून द्यावे.

काम आपल्याकडूनच अपुरे राहिले असल्याने भेटीचे शुल्क आम्ही देणार नाही. सात दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक मंचाकडे दाद मागू.

आपला,
एक ग्राहक

सोबत : बिल, वॉरंटी कार्ड व जॉब शीटची झेरॉक्स