पुस्तकांच्या वजनाने वाकलेले बुकशेल्फ आणि पुस्तकांनाच जागा न ठेवणारा सजावट संच

बेळगाव
दि. ८ सप्टेंबर २०२५

प्रति,
ग्राहक तक्रार अधिकारी,
फर्निचर व गृहसजावट विभाग

विषय : पाच कप्प्यांच्या बुकशेल्फच्या फळ्या वाकणे, सोबतच्या सजावट संचातील दोष व चुकीच्या सूचना, फळ्या बदलून मिळणे आणि संचाची रक्कम परत मिळणे याबाबत.

महोदय / महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून १४ मे २०२५ रोजी ‘तुमचं व्यक्तिमत्त्व सांगणारं शेल्फ’ या जाहिरातीखालचे बुकशेल्फ (₹१४,४९९) आणि त्याचा सजावट संच (₹३,२९९) मागवला. जोडणी आपल्याच माणसाने केली. १ ऑगस्टला पहिली तक्रार नोंदवली. त्यावर ‘वापरामुळे झालेले नुकसान’ एवढेच उत्तर आले. ते मान्य नाही. का, ते मापांसह लिहीत आहोत.

शेल्फ १८०० मिमी उंच, ९०० मिमी रुंद, २८० मिमी खोल. फळ्या १८ मिमी पार्टिकल बोर्डाच्या, आणि दोन बाजूंच्या आधारांत ८६४ मिमीचे मोकळे अंतर. मधे काहीच आधार नाही. जाहिरातीत ‘प्रत्येक कप्प्यावर ३५ किलो’ असे छापले आहे. दुसऱ्या कप्प्यात डेमी आकाराच्या (२१६ × १४० मिमी) कादंबऱ्या आणि कथासंग्रह आहेत, ती ओळ वजनकाट्यावर १८ किलो भरली. चौथ्या कप्प्यात कोश आणि जाड बांधणीचे ग्रंथ, ते ३१ किलो. ३० ऑगस्टला फळीच्या दोन टोकांना दोरा ताणून मधे पट्टीने मोजले : दुसरी फळी ७ मिमी खाली, चौथी १३ मिमी. सुताराच्या भाषेत चार सूत, म्हणजे अर्धा इंच. वजन आपल्या मर्यादेच्या आत आहे आणि फळी वाकली आहे, तर यात वापराची चूक कुठली?

कारण साधे आहे. पार्टिकल बोर्ड म्हणजे भुसा आणि डिंक दाबून केलेली पाटी, तिच्यात प्लायसारखे एकाआड एक उभे-आडवे धागे नसतात. शिवाय वजन कायम राहिले की ती हळूहळू आणखी बसत जाते आणि पावसाळ्यात ओल धरली की हा वेग वाढतो. बेळगावात जून ते सप्टेंबर हवा किती दमट असते ते इथे माल विकणाऱ्याने धरून चालायला हवे. पहिल्या आठवड्यात सरळ दिसलेली फळी तिसऱ्या महिन्यात झोळ दाखवते ती अशी.

आपल्या प्रतिनिधीने फोनवर ‘फळी उलटी करून लावा’ असे सुचवले. लावता येत नाही, कारण कॅम लॉकची (फळी बाजूला घट्ट धरणाऱ्या फिरत्या खिळीची) भोके फळीच्या एकाच अंगाला आहेत. आणि भोके नव्याने पाडली तरी तीच फळी काही महिन्यांत दुसऱ्या बाजूला वाकेल.

खरा उपाय मधल्या आधाराचा. ८६४ मिमीच्या मधोमध उभी फळी घातली की अंतर निम्मे होते आणि तेवढ्याच दाटीने पुस्तके ठेवली तर बाक सोळाव्या हिश्शावर येतो, कारण बाक अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो. दुसरा उपाय असा : फळीच्या पुढच्या कडेखाली १८ × ३८ मिमीची सागवानी पट्टी डिंक आणि स्क्रूने बसवायची. पट्टी उभी हवी, म्हणजे तिची ३८ मिमीची रुंदी फळीखाली उभी येईल अशी. तीच पट्टी आडवी लावली तर नुसती शोभा. उभी पट्टी एकटीच आपल्या पूर्ण फळीपेक्षा दुपटीहून अधिक ताठ असते. हे काम कारखान्यात प्रत्येक शेल्फला करणे अवघड नाही.

तळाचीही तक्रार आहे. उभ्या बाजूंच्या खालच्या कडेला पीव्हीसी एज बँड (कड झाकणारी प्लास्टिकची पट्टी) लावलेलाच नाही. फरशी पुसताना ओले फडके त्या कडेला लागते, बोर्ड पाणी पितो आणि फुगतो. डाव्या बाजूची कड १८ मिमीची २१ मिमी झाली आहे. सनमायका तिथून सुटू लागला आहे. फुगलेला पार्टिकल बोर्ड वाळला तरी परत मूळ जाडीवर येत नाही, म्हणून ही बाजूही बदलूनच हवी.

भिंतीला अडकवण्यासाठी एक एल-पट्टी आणि २५ मिमीचा एकच स्क्रू दिला होता, प्लगशिवाय. बेळगाव-खानापूर भागातल्या जुन्या घरांच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, वर जाड गिलावा. २५ मिमीचा स्क्रू गिलाव्यातच राहतो. दहा-बारा वर्षांचे पोर वरचे पुस्तक काढायला खालच्या कप्प्यावर उभे राहिले तर १८०० मिमी उंच आणि फक्त २८० मिमी खोल शेल्फ पुढे येईल. इथे ८ मिमीचा प्लग आणि किमान ७५ मिमीचा स्क्रू, तोही दोन जागी, हवा. या मुद्द्यावर आपण सर्वांत आधी उत्तर द्यावे अशी विनंती आहे, कारण हा धोका फळीच्या झोळाइतका दिसत नाही पण जिवावर बेतू शकतो.

आता सजावट संच. संचातली पुस्तिका सांगते : पुस्तके रंगानुसार लावा, जमल्यास कणा (नाव छापलेली कड) आत आणि पाने बाहेर ठेवा, एक तृतीयांश जागा पुस्तकांना, बाकी वस्तूंना आणि रिकामी. शिवाय बारा खोटी पुस्तके दिली आहेत, पुठ्ठ्याच्या पोकळ खोक्यांवर इंग्रजी शब्द छापलेली. ज्या घरात मराठी पुस्तकांशेजारी कन्नड पुस्तके वाचली जातात, जिथे कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांतून घेतलेली पुस्तके जपून ठेवली जातात, त्या घराचे व्यक्तिमत्त्व या पोकळ खोक्यांतून कसे सांगता येईल? शेल्फ पाहून घरातल्या माणसांची ओळख पटते ती त्यांनी काय वाचले, काय पुन्हापुन्हा काढले यावरून. ती पुस्तकेच झाकायला सांगणारी पुस्तिका आपण विकता, याचे मनापासून वाईट वाटते.

रंगाने लावले की एकाच ग्रंथाचे खंड वेगळे पडतात, कारण अनेक संचांत प्रत्येक खंडाचे वेष्टन वेगळ्या रंगाचे असते. कणा आत केला की पुस्तक शोधता येत नाही, आणि उघड्या पानांच्या कडेवर धूळ आणि उजेड बसून ती पिवळी पडते. दिवाळी अंकांचा तर पुस्तिकेत विचारच नाही. ते पातळ, गुळगुळीत कागदाचे, उभे ठेवले की घसरून कमानीसारखे वाकतात. त्यांना दर १५ सेंटिमीटरला एक उभी विभाजक पाटी लागते, किंवा आडवे, पण एकावर एक आठ-दहाच.

कप्प्यांची उंची हा याच गोष्टीचा दुसरा भाग. पाचही कप्पे ३२४ मिमीचे, न हलणारे. डेमी पुस्तक २१६ मिमीचे, म्हणजे वर चार बोटांहून अधिक जागा फुकट. बाजूंना ३२ मिमी अंतराने ५ मिमीची भोके पाडून हलत्या फळ्या दिल्या असत्या, तर याच उंचीत साधारण २५० मिमीचे चार आणि मोठ्या आकारासाठी साधारण ३०० मिमीचे दोन, असे सहा कप्पे बसतात. कोश सर्वांत खाली, रोजचे वाचन डोळ्यांच्या रेषेत. डेमी पुस्तक १४० मिमी रुंद, म्हणून २८० मिमी खोलीत पुढे तेवढीच जागा उरते. तिथे गोकाकची लाकडी फळे, सावंतवाडीचे लाकडी खेळणे किंवा खानापूरच्या मातीचे छोटे भांडे शोभते. एका कप्प्यात एकच वस्तू, हलकी, आणि पुस्तक काढताना हलवावी लागणार नाही अशी टोकाला. आपण दिलेल्या चिनी मातीच्या तीन फुलदाण्या प्रत्येकी १.४ किलोच्या आहेत आणि पुस्तिका त्यांत मनी प्लँट लावून वरच्या कप्प्यात ठेवायला सांगते. पाणी घालताना सांडलेला थेंब आधी बोर्डात आणि मग पुस्तकात जातो.

‘शेल्फ भिंतीला चिकटवून ठेवा’ ही सूचनाही इथे चालत नाही. पावसाळ्यात बाहेरची भिंत ओल धरते. मागे ५० मिमी तरी मोकळी जागा हवी, नाहीतर बुरशी येते आणि कसर लागते. तेवढ्याच जाडीचा लाकडी ठोकळा मधे देऊन आणि वर सांगितलेला स्क्रू तेवढाच अधिक लांब घेऊन शेल्फ भिंतीला अडकवता येते. कसर लागू नये म्हणून जुनी माणसे पोथ्यांत वेखंड ठेवत, ते आजही ठेवावे.

दिव्यांची पट्टी ही उघड चूक आहे. पाच मीटरची, मीटरला १४.४ वॅट, म्हणजे ७२ वॅट. अडॅप्टर १२ व्होल्ट २ अँपिअरचा, म्हणजे २४ वॅट. अर्ध्या तासात तो हात लावू देत नाही इतका तापतो आणि शेवटच्या दोन मीटरचा उजेड मंदावतो. मीटरला ४.८ वॅटची पट्टी दिली असती तर पाच कप्प्यांना ८० सेंटिमीटरप्रमाणे चार मीटर, १९.२ वॅट, याच अडॅप्टरवर नीट चालली असती. पट्टी फळीच्या पुढच्या कडेखाली, ॲल्युमिनियमच्या खाचेत, दुधी झाकणासह हवी, म्हणजे उजेड कण्यावर पडून नाव वाचता येते. आपण ती मागच्या पाठीला चिकटवायला सांगता, त्यामुळे पुस्तके काळी दिसतात. डिंकही जुलैतच सुटला. अडॅप्टर आम्ही वापरणे थांबवले आहे. हा संच ज्यांना विकला त्या सर्वांना आपण तसे कळवावे.

आमची मागणी अशी : पाचही फळ्या आणि दोन्ही बाजू १८ मिमी बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणाऱ्या) प्लायच्या, सर्व कडा बंद केलेल्या, मधल्या उभ्या आधारासह आणि हलत्या फळ्यांच्या भोकांसह बदलून द्याव्यात, जोडणी आपल्या खर्चाने. भिंतीला अडकवण्याचे योग्य सामान सोबत यावे. सजावट संचाचे ₹३,२९९ परत करावेत आणि संच आपल्या खर्चाने उचलावा. पुस्तिका इंग्रजी आणि हिंदीतच आहे. या भागात विकायची असेल तर ती मराठी आणि कन्नडमध्येही, दुरुस्त करून द्यावी. त्यातली मापे तपासून द्यायला आम्ही तयार आहोत.

ई-वाणिज्य नियम २०२० नुसार तक्रारीचे निवारण एका महिन्यात व्हायला हवे. ती मुदत १ सप्टेंबरला संपली. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. ग्राहक राहतो तिथेच तक्रार दाखल करण्याची सोय या कायद्यात आहे.

सोबत : बिलाची प्रत, दोरा ताणून काढलेली दोन छायाचित्रे, फुगलेल्या कडेचे छायाचित्र, अडॅप्टर व पट्टीवरील छापील मजकुराचे छायाचित्र, १ ऑगस्टच्या तक्रारीवर आलेले उत्तर.

आपले ग्राहक,
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक बिलाच्या प्रतीवर)