स्वभावाच्या चाचण्या आणि ‘कुठे?’ हा प्रश्न

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अधूनमधून ‘दहा प्रश्नांत ओळखा तुमचा स्वभाव’ अशा धर्तीचा मजकूर असतो. वाचकांना तो आवडतो हे मला ठाऊक आहे. आमच्या वर्गातही ते पान हातोहात फिरते. मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे आणि सध्या आम्हाला नेमका व्यक्तिमत्त्व हाच विषय शिकवला जातो आहे. तो शिकताना या पानाबद्दल काही गोष्टी मनात आल्या, म्हणून हा पत्रप्रपंच. तक्रार म्हणा, सूचना म्हणा.

मानसशास्त्र शिकते असे सांगितले की समोरचा हमखास म्हणतो, “मग सांग बघू, माझ्या मनात काय चाललंय?” त्याचे मला काही वाटत नाही. मला अवघड वाटते ते वर्गात घडते ते. व्यक्तिमत्त्वाचे प्रकरण सुरू होऊन पुरते संपलेलेही नसते, तोच कोणी ‘अंतर्मुख’ ठरलेली असते, कोणी ‘बहिर्मुख’, आणि वहीत रेघा आखून लिहिणारीला ‘ओसीडी’ म्हणून मोकळे झालेले असतात. ओसीडी हा तेच तेच विचार आणि कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार आहे आणि तो असलेल्या माणसाचे दिवसातले कित्येक तास खातो, हे त्याच पुस्तकात पुढे लिहिलेले असते. पण तिथवर जायला वेळ कुणाला! शब्द पटकन हाती येतात, ते जपून वापरायची सवय मागाहून येते, काहींना येतच नाही.

आमच्या प्रात्यक्षिकात व्यक्तिमत्त्व शोधिका, म्हणजे स्वभावाविषयीच्या विधानांची प्रश्नावली, भरून घ्यायची असते. दोघींची जोडी, एक प्रयोगकर्ती, दुसरी प्रयुक्त, म्हणजे जिची चाचणी घ्यायची ती. प्रयुक्ताच्या हाती विधानांची पुस्तिका आणि उत्तरपत्रिका द्यायची, सूचना जशाच्या तशा वाचून दाखवायच्या, आणि मग गप्प बसायचे. काही विधाने मुद्दाम उलटी लिहिलेली असतात, म्हणजे सगळीकडे ‘होय’ म्हणत सुटणारा त्यात सापडतो. त्यांचे गुण उलटे मोजायचे. माझी जोडीदार भराभर खुणा करत चालली होती. ‘मला चटकन राग येतो’ या विधानापाशी ती थांबली आणि पेन्सिल वर धरून तिने विचारले, “घरी की बाहेर?”

मला उत्तर द्यायची मुभा नव्हती. सूचनेतले ‘सर्वसाधारणपणे जे लागू पडते ते’ हे वाक्य मी पुन्हा वाचून दाखवले. ती म्हणाली, “सर्वसाधारणपणे म्हणजे घर जास्त की कॉलेज?” शेवटी तिने मधल्या रकान्यात खूण केली आणि पुढे गेली. गुण देताना तिथे पाचपैकी तीन पडले. खरे तर ते घरचे पाच आणि बाहेरचा एक होता. जी कुठेही फारशी चिडत नाही आणि फारशी शांतही नसते, तिलाही त्या ओळीत तीनच पडणार. कागदावर दोघी सारख्या!

जोडीदाराचा तो प्रश्न तिचा एकटीचा नव्हता, हे पुढे कळले. वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली या शाखेला हाच प्रश्न विचारून हादरवले होते. स्वभावचाचणीतले गुण आणि माणूस एखाद्या ठरावीक प्रसंगी प्रत्यक्ष कसा वागतो, यांच्यातला सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण) साधारण ०.३० च्या वर क्वचितच जातो, असे त्याने तोवरचे संशोधन तपासून दाखवले. म्हणजे संबंध आहे, पण चाचणीच्या भरवशावर ‘हा अमुक वेळी असाच वागेल’ असे छातीठोक सांगावे एवढा नाही. त्यानंतर पुष्कळ वर्षे वागणे स्वभावामुळे की परिस्थितीमुळे, असा वाद रंगला.

त्या वादातला एक प्रयोग आम्हाला शिकवतात. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी तो १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवले. काहींचा विषय होता वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाची बायबलमधली कथा. वाटेत एक माणूस दारापाशी खोकत, कण्हत पडलेला. अर्थात तो आधी ठरवून बसवलेला. ज्यांना ‘तुम्हाला उशीर झालाय, पळा’ असे सांगितले होते त्यांतले १० टक्के थांबले. ज्यांच्या हाताशी वेळ होता त्यांतले ६३ टक्के थांबले. भाषणाचा विषय परोपकार असो की दुसरा काही, त्याने ठळक असा फरक पडला नाही, आणि त्यांची धार्मिक वृत्ती मोजणाऱ्या प्रश्नावलीवरूनही कोण थांबेल हे सांगता आले नाही. विद्यार्थी अवघे ४० होते, तेव्हा या टक्केवारीवर मोठी इमारत उभारू नये हे खरेच. तरी आपण एखाद्याला ‘माणुसकी नाही’ म्हणतो तेव्हा त्याला किती घाई होती, हे विचारतच नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र ते आपल्याला आधी आठवते.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे स्वभाव असे काही नसतेच? तसे मुळीच नाही, आणि वर्गात हा निष्कर्ष काढून खूश झालेलेही बरेच आहेत. सेमोर एप्स्टाइनने १९७९ मध्ये दाखवले की एका प्रसंगावरून माणूस कळत नाही, पण बऱ्याच दिवसांच्या वागण्याची सरासरी काढली तर ती चांगलीच टिकाऊ निघते. जुळ्यांच्या अभ्यासांतून माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकांपैकी ढोबळमानाने ४० ते ५० टक्के वाटा आनुवंशिकतेशी जोडता येतो. (हा आकडा लोकसमूहातल्या फरकांचा आहे. ‘माझा निम्मा राग आजोबांकडून आला’ असे त्यावरून म्हणता येत नाही, तरी म्हणतात.) आणि वय वाढेल तसा सरासरीने माणूस अधिक जबाबदारीने वागू लागतो, अधिक जुळवून घेतो, हेही पुन्हा पुन्हा आढळलेले आहे.

मला सगळ्यात पटले ते मिशेल, युइची शोडा आणि जॅक राइट यांचे १९९४ चे काम. उन्हाळी शिबिरातल्या मुलांकडे ते नुसते बघत राहिले नाहीत; कोणत्या प्रसंगी कोण कसे वागते, याची नोंद ठेवली. बरोबरीच्या मुलाने चिडवले तेव्हा, मोठ्यांनी समज दिली तेव्हा, मोठ्यांनी कौतुक केले तेव्हा. एकूण आक्रमकपणा सारखाच असलेली दोन मुले घ्या. एक चिडवले की अंगावर जाणार, पण मोठ्यांचे ऐकून घेणार. दुसरे चिडवणे हसण्यावारी नेणार, पण मोठ्यांनी दटावले की बिथरणार. बेरीज एक, मुले दोन तऱ्हांची. आणि ही तऱ्हा त्या त्या मुलात बरीच कायम राहत होती. म्हणजे ‘घरी की बाहेर?’ या प्रश्नाचे उत्तर स्वभावाच्या आड येत नाही, ते उत्तर हा स्वभावाचाच भाग आहे.

आता आपल्या पुरवणीकडे वळते. तिथल्या चाचण्यांत ‘कुठे’ नसतेच, शिवाय शेवटी वाचकाला चार-पाच गटांपैकी एकात टाकलेले असते. असे गट पाडणे मोठमोठ्यांनाही सुटलेले नाही. कार्ल युंगच्या १९२१ च्या मांडणीवरून कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी माणसांचे १६ प्रकार सांगणारी ‘एमबीटीआय’ ही चाचणी बेतली. तिच्या निकालात प्रकाराचे नाव म्हणून मिळणारी चार अक्षरे हल्ली लोक स्वतःच्या नावापुढे पदवीसारखी लावतात. अडचण अशी की अंतर्मुखता-बहिर्मुखता मोजायला गेले की बहुतेक माणसे मध्यावर गर्दी करतात, टोकांना थोडी असतात, अगदी उंचीसारखे. मधोमध रेघ मारली की रेघेच्या अलीकडचा आणि पलीकडचा माणूस जवळजवळ सारखे असूनही वेगळ्या जातीचे ठरतात. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचे एखादे अक्षर बदललेले दिसते, ते त्यामुळेच. नोकरीसाठी उमेदवार निवडताना ही चाचणी वापरू नये असे तिचे प्रकाशकच सांगतात. तरीही मुलाखतीत ‘तुमचा टाइप कोणता?’ असे विचारले जाते.

मग वाचकांना निकाल इतके तंतोतंत का पटतात? बर्ट्राम फोरर या प्राध्यापकाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि काही दिवसांनी प्रत्येकाला त्याचे वर्णन लिहून दिले. लोकांनी आपल्याला पसंत करावे असे तुम्हाला फार वाटते. तुम्ही स्वतःवर टीका करता. तुमच्यात न वापरलेली पुष्कळ क्षमता आहे, वगैरे. ते किती जुळते याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच दिलेले होते, आणि त्यातला बराचसा मजकूर दुकानात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला होता! पुरवणीतला गेल्या वेळचा ‘ब’ गटाचा निकाल मी मैत्रिणींना ‘अ’ गटाचा म्हणून वाचून दाखवला, तेव्हा ‘अ’वाल्याही माना डोलावत होत्या. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, पण पान कसे चालते ते समजायला पुरेसा आहे.

हे पान बंद करा असे मला म्हणायचे नाही. स्वतःविषयी कुतूहल असणे वाईट नाही. मी हा विषय घेतला तोही त्याच कुतूहलापोटी. पण पान तेच ठेवून आतला माल बदलता येईल. ऑलपोर्ट आणि ओडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोशातून माणसांचे वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द वेचून काढले. कॅटेल आणि नंतरच्या अनेकांनी ते गाळत, गटवारी करत आणले, आणि आजचे बहुतेक संशोधक खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि भावनिक अस्थिरता या पाच मोजपट्ट्यांवर बोलतात. हे पाच प्रकारची माणसे असण्यासारखे नाही. प्रत्येकाला पाचही लागू, कमी-जास्त. लुईस गोल्डबर्ग यांनी सुरू केलेल्या संग्रहात अशा मापनाची ३,००० हून अधिक विधाने आहेत आणि ती कोणालाही विनामूल्य वापरता येतात.

ती नुसती मराठीत आणून मात्र भागत नाही. मराठी बोलणाऱ्या पुरेशा लोकांकडून भरून घेऊन, सरासरी कुठे पडते ते पाहून प्रमाणके, म्हणजे गुणांची तुलना करण्यासाठीचे आकडे, काढावी लागतात. नाहीतर ‘तुम्हाला ३२ गुण’ याला काडीचा अर्थ नाही. आपल्या वर्तमानपत्राचा वाचकवर्ग पाहता, एखाद्या विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग सोबत घेतला तर हे काम इतर कोणापेक्षा आपल्याला सोपे जाईल. निकाल गटात न देता पट्टीवर द्यावा, वाचकाने खूण केली त्याच्या आजूबाजूला किती लोक आहेत ते दाखवावे. आणि रागाच्या, गप्प राहण्याच्या, कामाच्या टाळाटाळीच्या विधानांपुढे ‘घरी’ आणि ‘बाहेर’ असे दोन रकाने ठेवावेत. दोन्हींत मिळून काय दिसते ते पुढच्या रविवारी छापावे. गुण मोजायला मनुष्यबळ लागेल. आमच्या वर्गातल्या काही जणी तयार आहेत, त्यानिमित्ताने प्रात्यक्षिकाच्या वह्याही भरतील.

कळावे,
आपली,
मानसशास्त्राची एक विद्यार्थिनी