गाडीत मागे बसलेल्या कुत्र्याचं काय?

संपादक साहेब,

उष्माघाताच्या सूचना दरवर्षी पेपरात येतात, दुपट्टा बांधा, ताक प्या, दुपारी निघू नका, चांगलंच आहे, पण गाडीत मागे बसवून ज्यांना नेतो त्या कुत्र्यांबद्दल कुठेच काही वाचायला मिळत नाही म्हणून हे लिहून राहिलो. पारा ४५ ला टेकला तरी व्हेटकडे न्यावंच लागतं नं, सुट्ट्यात गावालाही न्यावं लागतं.

भानगड अशी आहे की पुढे बसलेल्याच्या तोंडावर एसी लागतो आणि त्याला वाटतं गाडी थंड झाली. बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे व्हेंटच नसतात, दोन सीटांच्या फटीतून जाईल तेवढीच हवा, आणि मोठ्या गाडीच्या डिक्कीत कुत्रा बसवला तर सीटची पाठ आडवी येते वरून मागची एवढी मोठी काच. संध्याकाळी अमरावती रोडने नागपूरकडे या, ऊन सरळ त्या काचेतून त्याच्या पाठीवर. काळी फिल्म लावायची सोय नाही, २०१२ मधे सुप्रीम कोर्टाने बंदी घातली. म्हणून डिक्की सोडा, मागच्या सीटवर ऊन नसेल त्या बाजूला बसवा, आणि एसी सुरू करून झाल्यावर स्वतःचा हात मागे नेऊन बघा तिथे हवा पोचते का. सीट बेल्टचं बक्कलही बघा, आपल्या बोटाला चटका बसतो ते त्याच्या उघड्या पोटाखाली असतं.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजाच्या गाद्यांना थोडाफार येतो, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. पग, बुलडॉग, शित्झू या चपट्या नाकवाल्यांना तेही धड जमत नाही, आणि आपल्याकडे हौस नेमकी त्यांचीच. (हस्कीबद्दल तर मी बोलतच नाही, बर्फातलं जनावर नवतप्याच्या उन्हात!) कुत्र्याचं अंग एरवीच ३८-३९ डिग्री असतं, ४१ च्या वर गेलं की जीवावरचं काम.

आता लोक ऑनलाइन छोटे पंखे मागवतात मागच्या सीटला लावायला. एसी चालू असेल तर ठीक, पंखा थंड हवा मागे ढकलतो, पण एसी बंद गाडीत तो नुसता पाणी संपलेल्या कूलरसारखा झळा फेकतो, हे नागपूरकराला काय सांगायचं. पंखा लावायचा तर कुत्र्याचं पोट, पंजे, मांड्यांची आतली बाजू ओली पाहिजे. ओला टॉवेल वरून पांघरून देतात तेही चुकीचं, हवा लागत नाही, थोड्या वेळात टॉवेलच गरम होतो नि आत वाफ कोंडते.

आणि उभ्या गाडीत सोडून जाणं तर नकोच. कॅलिफोर्नियात २००५ साली छापलेलं एक मोजमाप आहे, बाहेर २२ ते ३६ डिग्री असताना बंद गाडी तासाभरात सरासरी २२ डिग्रीने तापली, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात, काच दीड इंच खाली ठेवली तरी फारसा फरक नाही. आपला मे महिना धरा आणि हिशोब करा. मागच्या उन्हाळ्यात एका मॉलच्या उघड्या पार्किंगमधे लॅब्रॅडोर असाच बंद गाडीत पाहिला, काचेला आतून लाळेचे ओघळ, गार्डला म्हटलं तर म्हणे "येऊन राहिले साहेब, पाच मिनिटात." मालक येईपर्यंत तो बिचारा सीटखालच्या सावलीत घुसायला बघत होता. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, पार्किंगची पावती त्याहून महाग पडते! त्यामुळे माझी मागणी मॉलवाल्यांकडे नि दवाखान्यांकडे आहे, गाडीत जनावर दिसलं की गार्डने लगेच माईकवर गाडीचा नंबर पुकारावा, आणि तशी पाटी गेटवरच लावावी. एवढ्याला काही खर्च लागत नाही.

जीभ लालभडक, लाळ चिकट घट्ट, उलटी, पाय लटपटतात असं दिसलं तर आधी सावली आणि पाणी, अंग ओलं करून वारा घाला, तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका, मग एसी लावून जवळच्या व्हेटकडे नाहीतर सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात, निघतानाच फोन करून. फक्त नळाखाली धरू नका बाप्पा, गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चहा करायच्या लायकीचं असतं, माठातलं घ्या.

एक वाचक, मनीष नगर, नागपूर