‘मालका’चा मारही हिंसाच

देहविक्रय करणाऱ्या महिलांच्या सुरक्षिततेवरील आपला लेख वाचला. त्यात गिऱ्हाईक आणि पोलिसांचा त्रास आला, घरातल्या माणसाचा मात्र राहून गेला.

सांगलीत या बायका आपल्या जोडीदाराला ‘मालक’ म्हणतात. माझ्या औषध दुकानात अशीच एक ताई सुजलेला गाल पदराने झाकून मलम घ्यायला आली होती. गाडीचा हप्ता दिला नाही म्हणून मालकाने मारले होते. तक्रार का देत नाही, असे विचारले तर म्हणाली, “पोराच्या शाळेच्या दाखल्यावर बाप म्हणून त्यांचंच नाव हाय, दादा.” आधी एकदा ती पोलिसांकडे गेली होती. तिथे ‘तुझा कसला नवरा?’ म्हणून परत पाठवले.

वास्तविक २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लग्नासारखे नाते असलेल्या, एका घरात राहणाऱ्या स्त्रीलाही संरक्षण आहे. या महिलांशी पोलिसांनी सन्मानाने वागावे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बजावले आहे. तेव्हा धंदा कोणता हे न विचारता ठाण्यात तिची तक्रार लिहून घ्यावी आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांनी या महिलांच्या वस्तीत स्वतः जावे.

– एक औषध विक्रेता, सांगली